तिच्या वयाने खेळताना

कॉलेजच्या ग्राउंडवर माझं नाव काकू होतं. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मधली दोन वर्षं एका शाळेत शिकवून परत शिकायला आलेली, आणि संघातल्या बाकीच्या पोरी अठरा-एकोणीसच्या. 'काकू, पास द्या', 'काकू, गुडघा धरला का' असं सारखं चालायचं. मी चिडायचे. माझं डोकं तसंही लवकर फिरतं, ते त्यांना कळलेलं होतं, म्हणून त्या मुद्दाम म्हणायच्या. पण खरं सांगायचं तर मला राग कमी यायचा आणि भीती जास्त वाटायची. कागदावर मी चोवीसची होते. काकू म्हणता म्हणता त्या पोरी माझ्या खऱ्या वयाच्या फार जवळ येऊन जायच्या.

मुलींचा बास्केटबॉलचा संघ आमच्या कॉलेजात दरवर्षी होतोच असं नाही. आमच्याकडच्या पोरी कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, पळतात बी भारी. बास्केटबॉलला कोणी येत नाही. पाच मैदानात आणि तीन-चार बाकावर एवढ्या गोळा करता करता खेळाच्या सरांचा अर्धा पावसाळा जायचा. त्या वर्षी त्यांना एक कमी पडत होती. मी लायब्ररीच्या पायऱ्या उतरत होते आणि ते खालून वर बघत होते.

"तू बी.ए.ला असताना खेळत होती ना?" त्यांनी विचारलं. "उंची तर दिसूनच राह्यली. उद्या साडेसहाले ये."

मी म्हटलं, "सर, मी एम.ए.ला आहे."

"एम.ए.वाल्याले पाय नसते काय?"

झालं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने आले. आमचं गाव देऊळघाटच्या पुढे, रस्त्यापासून आत. बस चुकली की देऊळघाटपर्यंत चालायचं आणि तिथून ऑटो धरायचा. बुलडाण्याची सकाळ तशीही गार असते, आणि त्या ग्राउंडचं सिमेंट तर अंगाला आणखी गार लागायचं. मधोमध एक मोठी भेग होती. एका रिंगला जाळी होती, दुसरीला नुसतं कडं. आठवड्याभरातच माझ्या गुडघ्यांनी मला माझं वय सांगितलं. त्या पोरी दहा चकरा मारून गाणी म्हणत पाणी प्यायला जायच्या आणि मी भिंतीला पाठ लावून श्वास मोजत बसायचे. मला स्वतःचा इतका संताप यायचा की मी मुद्दाम अकरावी चकर मारायचे.

का खेळायचं होतं इतकं? कोणी विचारलं नाही, पण मीच स्वतःला विचारत होते. बी.ए.च्या तीनही वर्षी मी संघात होते, तीनही वर्षी आमचा संघ पहिल्याच सामन्यात घरी आला. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की निळा कोट मिळतो, छातीवर विद्यापीठाचं चिन्ह असलेला. कलर कोट म्हणतात त्याला. गावात शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, तो कोट कोणाकडे नाही. मला तो हवा होता. लहान पोरासारखा हवा होता, आणि नियमाने ते माझं शेवटचं वर्ष होतं, कारण पंचविशी ओलांडली की विद्यापीठाच्या स्पर्धा खेळता येत नाहीत.

सरांनी पात्रतेचा फॉर्म दिला. नाव, वर्ग, दहावीचा दाखला, जन्मतारीख. ती तारीख मी इतक्या फॉर्मांवर लिहिली आहे की हात आपोआप चालतो. स्थळांसाठी आईने करून घेतलेल्या बायोडाटावर बी तीच आहे. त्या दिवशी मात्र शेवटचा आकडा लिहिताना पेन थांबलं, कारण नियमाचं वाक्य त्याच रकान्याच्या खाली छापलेलं होतं. ती तारीख माझी नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीची आहे, आणि बहीण दोन वर्षांची असतानाच गेली.

मी घरी जन्मले. दाई आली, दाई गेली, कुठे काही लिहिलं गेलं नाही. तीन वर्षांनी बहीण झाली ती सरकारी दवाखान्यात, कारण आईची तब्येत बिघडली होती. त्यामुळे तिचा कागद झाला. त्या कागदावर आईचं नाव आहे, बाबांचं आहे, गाव आहे, तारीख आहे. मुलाच्या नावाची जागा कोरी आहे, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झाली आणि पुढे नाव टाकायला कोणी गेलं नाही. लिंग या शब्दापुढे नुसतं स्त्री लिहिलं आहे.

ती दोन दिवसांच्या तापात गेली. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत. बाबांनी तिला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला नेऊन पुरलं. आई मला घेऊन लोणारकडे मामाच्या गावी गेली आणि दोन-अडीच वर्षं आलीच नाही. तिथे मला शाळेत घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी मामाच्या शेळ्यांमागे फिरले. परत आलो तेव्हा मी आठ सरून नवव्यात होते आणि मला अक्षर येत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले पहिलीत बसवू, जन्माचा काही कागद असला तर आणा. घरात जन्माचा एकच कागद होता. तो गेला, आणि मी एका दुपारी तीन वर्षांनी लहान झाले.

हे मला बाबांनी दहावीचा फॉर्म भरताना सांगितलं. "कागद म्याच नेऊन देला पोरी," ते म्हणाले. "सोय पाह्यली. तुया मायजवळ हा विषय काढू नको." मी काढला नाही. पुढे बाबाही गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

पण त्या तारखेने माझं सगळं बनवलं. पहिलीत मी सगळ्यांपेक्षा डोकंभर वर होते. पाचवीत मला पाळी आली तेव्हा वर्गातल्या पोरींना वाटलं मला काही रोग आहे. गुरुजी रांगेत मला शेवटी उभं करायचे. सातवीत नवीन गुरुजी आले, त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, ही पोरगी बास्केटबॉलची आहे, केवढी उंच. मी उंच नव्हते. मी मोठी होते. दहावीपर्यंत तर बाकीच्या पोरी माझ्या बरोबरीला आल्या, दोघी पुढेही गेल्या. पण तोपर्यंत बॉल हातात बसला होता. म्हणजे बहीण गेली नसती तर मी कधी बास्केटबॉल खेळलेच नसते. हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही, सांगते. रिंगकडे उडी घेताना येतो, बस पकडताना येतो, जेवताना बी येतो.

आणि वाढदिवस. ती जन्मली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. आई ते तसंच लक्षात ठेवते. करीच्या दिवशी गावातली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार येतात तेव्हा आमचं दार लावलेलं असतं. पण शाळेतला माझा वाढदिवस इंग्रजी तारखेने यायचा, कधी पोळ्याच्या आधी, कधी नंतर. मी नवा फ्रॉक घालून वर्गात चॉकलेट वाटायचे. सकाळी आई मला ओवाळायची आणि ओवाळताना माझ्याकडे पाहायची नाही, माझ्या थोडं बाजूला पाहायची. लहानपणी मी एकदा मान वळवून पाहिलं होतं तिथे कोण आहे म्हणून.

सर माझ्यावर एकाच गोष्टीसाठी ओरडायचे. थकले की मी बॉल डाव्या कमरेवर टेकवून उभी राहायचे. बास्केटबॉलमध्ये हे करायचं नसतं, कोणीही येऊन बॉल काढून घेतं. "लेकरू हाये काय ते, काखेत घेऊन राह्यली?" सर म्हणायचे आणि पोरी हसायच्या. मलाही हसू यायचं, आणि मी बॉल पटकन पुढे घ्यायचे. पाच वर्षांची मी बहिणीला डाव्या कमरेवर घेऊन गावभर फिरत असे. आई शेतात जायची, मग दुसरं कोण घेणार. तिचं वजन मला आठवत नाही, चेहराही आठवत नाही, फोटो तर कोणी काढलाच नाही. ती जागा मात्र आठवते. तिथे काही टेकलं की माझं अंग आपोआप त्या बाजूला झुकतं, आणि मला वाटतं की मी हात सोडला तर ती पडेल.

संघात माझी खरी जोडी जमली ती देऊळघाटच्या पोरीशी. एकोणीस वर्षांची, बी.ए. पहिल्या वर्षाची, बारीक आणि सापासारखी चपळ. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून खेळायची. एकटी तीच मला काकू म्हणायची नाही, बाजी म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे ताई. आम्ही एकाच बसने यायचो. "बाजी, तुम्ही वरून घ्या, मी खालून पळते" असं तिचं सरळ गणित होतं. मी रिंगखाली उडी मारून बॉल धरायचा आणि न बघता पुढे फेकायचा, ती तिथे असायचीच.

स्पर्धा देऊळगाव राजाला होती. सकाळी बालाजीचं दर्शन घ्यायला सगळ्या गेल्या, ती बाहेर चपला सांभाळत बसली आणि नंतर सगळ्यांच्या वाट्याचा प्रसाद तिनेच संपवला. पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. आमच्या कॉलेजात असं कधी झालं नव्हतं, सर तर हातात शिट्टी घेऊन नुसते इकडून तिकडे चालत होते. उपांत्य सामन्यात आम्ही शेवटपर्यंत पुढे होतो. एक मिनिट राहिलं असेल. मी बॉल धरला, श्वास राहिला नव्हता, डोळ्यापुढे पांढरं आलं, आणि मी उभी राहिले. समोरची पोरगी आली आणि माझ्या कमरेवरून बॉल उचलून घेऊन गेली. मी तिच्यामागे पळालेसुद्धा नाही. मी रिकाम्या कमरेला हात लावून उभी होते. आम्ही दोन गुणांनी हरलो.

बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून रडले, आणि ते हरलो म्हणून नव्हतं.

तरी निवड झाली. निवड समितीने आमचे तिन्ही सामने पाहिले होते. चार दिवसांनी यादी आली. बारा जणींचा संघ, दोन राखीव. बाराव्या जागेवर मी होते. पहिली राखीव देऊळघाटची पोरगी. तिने माझं नाव वाचलं आणि मला मिठी मारली. स्वतःच्या नावाबद्दल ती काही बोलली नाही. संघासोबत जाणाऱ्या प्रत्येकीने जन्माचा मूळ कागद घेऊन यायचा होता, दहावीचा दाखला चालणार नव्हता. सरांनी मला तीन दिवस दिले.

मी घरी येऊन आईला सांगितलं की माझी निवड झाली, कोट मिळणार. आईला बास्केटबॉल काय असतं ते माहीत नाही, तिने माझा एकही सामना पाहिलेला नाही. पण त्या दिवशी ती इतकी खूश झाली की मला नवल वाटलं. तिने पुरण घातलं. चुलीपुढे बसून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चोविशीत भेटला. बरं झालं."

मी म्हटलं, "त्याले मूळ कागद लागते आई. दवाखान्याचा."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, निदान विचारेल तरी कोणता कागद. ती उठली, कमरेची चावी काढली, लोखंडी पेटी उघडली आणि साड्यांच्या तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिला शोधावं लागलं नाही. कागदाच्या घड्या इतक्या वेळा उघडलेल्या होत्या की तो चार ठिकाणी विरला होता आणि मागून कोणीतरी भाताच्या खळीने पातळ कागद चिकटवला होता.

"हा बाबांनी शाळेत देला व्हता ना?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी प्रथमच.

"तुया बापाले काय ठाव, कागद कोठी हाये ते," आई म्हणाली. "पेटीची चाबी माह्यापाशी व्हती. म्याच देला."

"काऊन?"

तिने कागद मांडीवर ठेवला. "मास्तरनं इचारलं पोरीचा जलम कवाचा. तुयं तं कोठीच लेयलेलं नोतं. तिचं व्हतं. म्हटलं, जाऊ दे हा कागद शाळेत. ते तं एवढीशीच राह्यली, माय. म्हटलं, तारीख तरी मोठी होईन तिची. दरसाली कोणीतरी लेहीन."

ती बोलत राहिली, अगदी साध्या आवाजात, तुरीचा भाव सांगावा तशी. "मंग म्या मोजत गेली. पयलीत गेली. चवथीत गेली. धावीत पास झाली तवा पेढे वाटले ना म्या साऱ्या गावात? ते काय सारे तुयेच व्हते?"

माझं डोकं फिरलं. बाबांनी स्वतःवर घेतलं होतं, माझ्यासाठी की तिच्यासाठी कोण जाणे. मला आठवले ते सगळे वाढदिवस, ते बाजूला पाहणं. मी म्हणाले, "आई, मी सत्तावीसची हाये."

"मले सांगून राह्यली काय?"

"मंग मी कवा झाली ते सांग. कोणतं साल, कोणता दिवस, सांग नं. तिचं सारं मोजलं, माही एक तारीख सांग."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग ती उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. पुरण चुलीवर लागलं, त्याचा वास घरभर झाला, तरी ती आली नाही. मी तिथेच बसून होते आणि माझ्या मनात एकच होतं: हिला माहीत नाही. हिने मला मोजलंच नाही. गावात पेढे खाल्ले ते लोकांनी दुसऱ्याच पोरीचे खाल्ले, आणि आता कोट बी तिलाच मिळणार आहे, मी नुसती घालून येणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. खरं बोलून टाकावं म्हटलं. "सर, ही तारीख माझी नाही. माझ्या बहिणीची आहे. ती वारली."

सरांनी चष्मा वर केला. "कागद खोटा आहे का?"

"नाही सर, कागद खरा आहे."

"मंग झालं. पोरी, अर्ध्या जिल्ह्याच्या तारखा मास्तरनं लेयलेल्या आहेत. माहीच खरी नाही. माझी माय म्हणते, ज्या साली गारपीट झाली त्या साली तू झाला. आता गारपीट कोणत्या फॉर्मवर लिहू? आण इकडे."

त्यांनी हात पुढे केला. माझ्या हातात ती पिशवी होती. द्यायची होती फक्त. इतके महिने अकरावी चकर मारली ती ह्याचसाठी. सरांच्या खोलीच्या खिडकीतून ग्राउंड दिसायचं, आणि त्या तुटक्या सिमेंटवर देऊळघाटची पोरगी एकटी रिंगवर बॉल टाकत होती. मी तिच्याकडे पाहिलं खरं. पण मी तिचा विचार करत नव्हते.

"सर, माझा गुडघा गेला आहे," मी म्हणाले. "मी जात नाही."

सर खूप बोलले. वर्ष वाया घालवलं, आधी सांगता येत नव्हतं का, एम.ए.वाल्यांना घेणं माझीच चूक. मी ऐकून घेतलं. परीक्षेपर्यंत ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. माझ्या जागी राखीव पोरगी गेली. जाण्याआधी ती मला बसस्टँडवर भेटली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाजी, तुम्ही माझ्यासाठी केलं, मला ठाव आहे. अम्मी तुमच्यासाठी दुवा मागते." तिने हे सगळ्यांना सांगितलं. कॉलेजात माझं नाव झालं, काकू म्हणणाऱ्या पोरी ताई म्हणायला लागल्या, एका प्राध्यापकांनी वर्गात माझं उदाहरण दिलं.

सगळं खोटं आहे. मी त्या पोरीसाठी काही केलं नाही. नियम पाळावा म्हणूनही नाही. त्या दिवशी त्या खोलीत मला एकच गोष्ट नको होती: माझ्या बहिणीला तो कोट मिळायला नको होता. दोन वर्षांच्या मेलेल्या लेकराचा मला हेवा वाटला, आणि मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

कागद मी परत आणून आईच्या हातात दिला. "काऊन वापस आणला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही खेळत मी." तिने पिशवी पेटीत ठेवली, कुलूप लावलं. त्यानंतर आम्ही दोघी एका घरात राहिलो एवढंच. भाकर झाली, जेव, बस गेली, पाणी आलं. यापलीकडे तिने महिना-दीड महिना माझ्याशी शब्द बोलला नाही. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की पाठीमागे कोणीतरी बसलं आहे असं वाटायचं. मान वळवायची हिंमत होत नसे, आणि वळवली की आई नसे, कोणीच नसे.

थंडी संपत आली होती तेव्हा एका दुपारी देऊळघाटची पोरगी आमच्या घरी आली. तिने कोट घातला होता. गावाच्या फाट्यापासून ती तो कोट घालून उन्हातून चालत आली होती, घामाने निथळत होती आणि काढायला तयार नव्हती. आई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आला काय व कोट?" आई म्हणाली. "उभी राह्य बरं."

पोरगी उभी राहिली. आईने तिच्याभोवती फिरून कोट पाहिला. छातीवरच्या चिन्हावरून बोट फिरवलं, अस्तर उलटून पाहिलं. "बाह्या कोणी आत घेतल्या?" "अब्बांनी," ती म्हणाली. आई म्हणाली, "काढ बरं जरासा," आणि तिने काढला.

आईने मला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी गेले. तिने मला पाठमोरी केलं आणि कोट माझ्या खांद्यांना लावून पाहिला. तिचे हात माझ्या पाठीवर होते, तुरीच्या भुशाने खरखरीत. मला वाटलं ती आता रागावेल, किंवा रडेल, आणि मी दोन्हीसाठी तयार होते.

"तुले खांद्यात आखूड होते हा," ती म्हणाली.

मग तिने कोट माझ्या पाठीवरून काढला आणि माझ्या शेजारी, जिथे कोणीच नव्हतं तिथे, दोन्ही खांद्यांना धरून हवेत उभा केला. थोडा वर झाला, तिने तो चार बोटं खाली घेतला. तिथे हात स्थिर झाले.

"तिले बरोबर बसला असता," आई म्हणाली. "ते तुयासारखी उंच नसती झाली. तू बापावर गेली. ते माह्यावर गेली व्हती."

देऊळघाटची पोरगी कधी माझ्याकडे, कधी आईकडे पाहत होती. मी इतकी वर्षं धरून चालले होते की आई माझ्यात तिला पाहते, आणि मी कुठेच नाही. आईने आमची कधी गल्लत केलीच नव्हती. तिच्या दोन पोरी होत्या, दोघींची उंची तिला वेगवेगळी ठाऊक होती. आईचे हात भरून आले तरी तिने कोट खाली केला नाही. माझी चोवीस वर्षांची बहीण अंगणात माझ्या बाजूला उभी होती, माझ्या खांद्याच्या चार बोटं खाली, आणि तिचा कोट मी घालवला होता.